शेवटच्या तासाचं गणित

दिघीतल्या एका शाळेत मी आठवीला गणित शिकवायचे. वर्गात गावातल्याच जुन्या शेतकरी घरातली एक मुलगी होती. इतिहास, विज्ञान, मराठी, सगळ्यात हुशार. गणितात मात्र जेमतेम पास. पाया कच्चा असेल, असं समजून मी तिला सकाळी शाळा भरायच्या आधी बोलावायला लागले. तर तिथं ती फळ्यावर भराभर गणितं सोडवायची. मग वर्गात हिला होतं काय?

माझा तास शेवटचा असायचा आणि चाचण्याही त्या त्या तासालाच व्हायच्या. करून तर बघू, म्हणून मी मराठीच्या बाईंशी तास बदलून घेतला. पुढच्या चाचणीत तिचं गणित सुधारलं आणि मराठी घसरलं!

"तुमचं दुखणं माझ्या गळ्यात घातलंत," मराठीच्या बाई म्हणाल्या.

आता मला राहवेना. मधल्या सुट्टीत तिला बाजूला घेतलं.

"दुपारी झोप येते का गं?"

"न्हाई बाई. डोकं दुखतं."

"डबा खातेस ना?"

"खाते की. पाणी पीत न्हाई." तिनं मान खाली घातली. "पाणी प्यालं की जावं लागतं. मुलींच्या बाथरूमला कडी न्हाई. आमी कुनीच पीत न्हाई."

मी लगेच जाऊन पाहिलं. एक मुलगी आत होती आणि तिची मैत्रीण बाहेरून दार ओढून धरून उभी होती. मुख्याध्यापक म्हणाले, "मागणी पाठवलीय." ती मंजूर होईपर्यंत थांबायची माझी तयारी नव्हती. भोसरीतल्या दुकानातून मी कड्या आणल्या, शिपाईमामांनी त्या संध्याकाळीच बसवल्या. दुसऱ्या दिवसापासून बाकांवर पाण्याच्या बाटल्या दिसायला लागल्या.

तिचे दोन्ही विषय सुधारले. शेवटच्या तासाला मुली शंका विचारायला लागल्या, याचं मराठीच्या बाईंना जास्त नवल वाटलं.

तिच्या शेजारी बसणारी मुलगी मात्र गणितात होती तिथंच राहिली. पाणी तीही प्यायची, डोकंही दुखत नव्हतं. मग हिचं काय असेल? एका सुट्टीत मी डबा घेऊन तिच्याच बाकावर जाऊन बसले. आधी ती नुसतीच लाजली. भाजी वाटून घेतल्यावर बोलायला लागली.