पाच मुठी

मी पेशानं शिक्षिका आहे, पण भर वर्गात कुणी अचानक विचारलं तर सातच्या पाढ्याआधी मला तांदळाची शिल्लक आठवते. भोकर तालुक्यातल्या एका लहान गावात पाचवीपर्यंतची शाळा, पटावर बहात्तर लेकरं, आम्ही दोन शिक्षक, आणि मुख्याध्यापकाचा प्रभार माझ्या गळ्यात. प्रभार म्हणजे काय, तर गोदाम सांभाळून वेळ उरला तर शिकवायचं.

पोषण आहाराचा तांदूळ सरकारकडून येतो, सोबत डाळ, मटकी, तेल, मीठ-मिरची. ट्रक दर दोन महिन्यांनी येतो असं कागदावर आहे. खरा कधी येईल हे ट्रकवाल्यालाही ठाऊक नसतं. पोती ठेवायला वेगळी खोली नाही, म्हणून ती चौथीच्या वर्गात, मागच्या भिंतीला लावून, फळ्यांवर रचलेली. पावसाळ्यात त्यात सोंडे होतात. मग पटांगणात ताडपत्री टाकून तांदूळ वाळवायचा, आणि मी भूगोल शिकवता शिकवता खिडकीतून कोंबड्या हाकलायच्या. वाळला की वजनात घटतो. ही घट कुठं लिहायची, हे मी आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या तीन बैठकांत विचारलं. तिन्ही वेळा सगळे हसले.

त्यात मोबाइलचं ते अॅप. रोज दुपारी हजेरी भरायची, की ते प्रत्येक लेकरामागं शंभर ग्रॅम तांदूळ आपोआप वजा करतं. पहिलीतलं पोर दोन घास खाऊन पळतं, पाचवीतलं तीनदा वाढून घेतं; अॅपला दोन्ही सारखीच. बाजारच्या दिवशी निम्मी लेकरं हजेरी देऊन मधल्या सुट्टीत आईमागं निघून जातात. पोतं उंदीर कुरतडतात. अॅपला ना बाजार माहीत, ना उंदीर. आणि रेंज यावी म्हणून मी पाण्याच्या टाकीच्या पायरीवर उभी राहून हे सगळं भरायची. गावातले म्हातारे म्हणायचे, मॅडम टाकीवर चढल्या म्हणजे दीड वाजला.

स्वयंपाक करायच्या त्या मावशी. वय पन्नाशीच्या पुढं, कंबर धरलेली, म्हणून खुरपायला जाणं बंद झालेलं. दोन सुनांच्या घरात त्यांचं म्हणून जे काही होतं, ते शाळेतलं हे काम. सकाळी पदर खोचून शाळेकडं निघाल्या की त्या कुणाच्या सासू नसत, शाळेच्या मावशी असत. दर जूनला शाळेची समिती त्यांना पुढच्या वर्षासाठी ठेवायची, आणि दर मे महिन्यात त्या मला चार-चारदा विचारायच्या, यंदा ठेवतेत का मला मॅडम. ठेवतेत हो मावशी, तुमच्यासारखी खिचडी दुसरं कोण करतंय, असं मी म्हणायची. पण त्यांच्या जिवाला घोर असायचा, तो मला दिसायचा.

तराजूवर त्यांचा विश्वास नव्हता. मी मोजून दिलेला तांदूळ त्या परातीत घ्यायच्या, आणि धुवायच्या आधी पाच मुठी परत काढायच्या. एका वर्गाची एक मूठ. त्या पाच मुठी तेलाच्या रिकाम्या डब्यात पडायच्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी ओरडलेच, हे काय चालवलंय म्हणून. त्यांनी शांतपणे सांगितलं की घरी बी आमी अशीच मूठ काढतो, काढली नाही तर चुलीपुढं बसल्यासारखं वाटत नाही. उरतंच की रोज पातेल्यात, कुणाचं ताट कमी झालं असलं तर सांगा. मी महिनाभर ताटं बघितली. कुणाचं कमी नव्हतं. खरकट्याची बादली तेवढी हलकी झाली होती. माझी आईही नांदेडच्या घरात हेच करायची, म्हणून असेल, मी पुढं काही बोलले नाही.

त्या वर्षी जुलैत ट्रक आलाच नाही. फोन करून करून मी बेजार झाले. तालुक्याला विचारावं तर ते म्हणायचे जिल्ह्याला विचारा, जिल्ह्याला विचारावं तर ते म्हणायचे मागणी उशिरा आली. मागणी मीच पाठवली होती, वेळेत, पोच माझ्याकडं होती. ती वाचायला कुणाला वेळ नव्हता. अॅपवर शिल्लक शून्य झाली, आणि शिल्लक शून्य असली की शिजवल्याची नोंद होतच नाही. 'आज आहार शिजवला नाही, कारण: धान्य उपलब्ध नाही', एवढंच दाबता येतं. मी टाकीच्या पायरीवर उभी राहून ते दाबलं आणि खाली आले, तर मावशींनी चूल पेटवलेली. दोन डबे भरले होते मुठी-मुठीनं. पातळ करून, पत्ताकोबी ढकलून, त्यांनी चार दिवस बहात्तर लेकरं जेवू घातली. चारही दिवस मी 'शिजवला नाही' दाबलं आणि लेकरांच्या पंगतीत बसून गरम खिचडी खाल्ली. पाचव्या दिवशी ट्रक आला. मावशींनी डबे धुऊन पालथे घातले, वाळवले, आणि परत पाच मुठी काढायला लागल्या.

दिवाळीनंतर तपासणीला साहेब आले. माणूस वाईट नव्हता, हे आज मला कबूल करावं लागतं. पोती मोजली, जुळली. मग कोपऱ्यातले दोन डबे उघडले. एक भरलेला, दुसरा अर्ध्यावर आलेला. हा तांदूळ कुठल्या नोंदीत आहे, असं त्यांनी विचारलं. समितीचे अध्यक्ष, दोन पालक, शेजारच्या शाळेचे गुरुजी, सगळे तिथंच उभे होते. साहेबांनी माझ्याकडं बघितलं, आवाज खाली आणला आणि मलाच वाट दाखवली. वजनातला फरक म्हणून लिहून टाका मॅडम, शिल्लक वाढवून घ्या, विषय संपला. मावशी दाराशी उभ्या होत्या. त्यांनीही मान हलवली.

"लिवा म्हनतेत तर लिवा की मॅडम."

एका ओळीचं काम होतं. पेन हातात होतं. पण मला तो शब्द झोंबला. फरक? रोज मुठी मोजून काढलेला तांदूळ फरक कसा? आणि माझं डोकं फिरलं. वर्षानुवर्षांचं साचलेलं, तीन बैठकांतलं हसणं, ती टाकी, ते फोन, सगळं एकदम तोंडाला आलं. मी म्हणाले, साहेब, हा फरक नाही. तुम्ही जुलैत तांदूळ पाठवला नाही तेव्हा या बाईनं असाच मुठीनं साठवलेला तांदूळ शिजवून चार दिवस ही शाळा जगवली. तुमच्या खात्याचं काम हिनं केलंय, लिहायचंच असेल तर हे लिहा.

काय छान वाटलं मला. खोटं कशाला बोलू, ऊर भरून आला. पालकांपैकी एकानं तर 'बरोबर हाय' असंही म्हटलं.

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी मोबाइल काढून जुलै उघडला. चार दिवस, शिजवला नाही. खाली माझं नाव. ते हळूच म्हणाले, म्हणजे नोंदीबाहेरचा साठा होता, नोंदीबाहेर शिजवला, आणि हे तुम्ही पाच माणसांसमोर सांगताय. आता मी ऐकलं नाही असं कसं करू? मग कागद निघाला. लेकरांच्या वाट्यातला तांदूळ रोज काढून ठेवला, असं वाक्य त्यात आलं. मी भांडले, ताटांचं सांगितलं, खरकट्याच्या बादलीचं सांगितलं. बादलीची नोंद आहे का, असं त्यांनी विचारलं. नव्हती. मावशींनी त्या कागदावर सही केली. त्यांना सही तेवढी येते, तीही मीच शिकवलेली.

मला खुलासा मागणारी नोटीस आली. मी दोन पानं खुलासा लिहिला, तो फायलीला लागला, आणि माझं काही वाकडं झालं नाही. मी कायम नोकरीतली. मावशींचं तसं नव्हतं. जूनचीही वाट कुणी बघितली नाही, महिन्याभरात समितीला पत्र आलं की दुसरी बाई नेमा. अध्यक्षांनी माझ्यापुढं हात जोडले आणि ठराव लिहायला मलाच सांगितला. मी जिल्ह्याला दोन चकरा मारल्या, अर्ज दिले, पोचपावत्या घेतल्या. त्या पावत्या माझ्या कपाटात आहेत.

शेवटच्या दिवशी मावशी आपली विळी आणि मोठी पळी न्यायला आल्या. त्या वस्तू त्यांच्या घरच्या होत्या. मी माफी मागितली, रडलेही. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं. आपल्याच वर्गात मी पाहुणीसारखी पाणी पीत होते. मग त्या म्हणाल्या,

"तुमी खरं बोललाव, त्याचं काई न्हाई मॅडम. पर बोलायच्या आधी एकडाव मला तरी इचारायचं. काम माझं होतं."

मी त्यांच्या बाजूनं भांडत होते अशी माझी समजूत होती, आणि त्या दाराशी उभ्या राहून मान हलवत होत्या, ते मी बघूनही बघितलं नाही.

नवी बाई चांगली आहे. तरुण आहे, तराजू वापरते, मोजून दिलेला तांदूळ दाण्यासकट पातेल्यात घालते. डबे साहेबांच्या सूचनेप्रमाणे रिकामे करून घेतले, त्यातला तांदूळ शिल्लकीत चढवला. पुढच्या तपासणीत आमचा साठा ग्रॅमपर्यंत जुळला, आणि केंद्राच्या बैठकीत माझ्या शाळेचं उदाहरण दिलं गेलं. या वेळी कुणी हसलं नाही.

फेब्रुवारीत ट्रक पुन्हा चुकला. सहा दिवस. मधल्या सुट्टीत लेकरं सवयीनं ताटं घेऊन ओळीत बसली, मी त्यांना उठवलं आणि घरी जाऊन या म्हटलं. ज्यांच्या घरी दुपारी कुणी नसतं ती नळावर पाणी पिऊन परत वर्गात येऊन बसली. दीड वाजता मी टाकीच्या पायरीवर चढले आणि 'आज आहार शिजवला नाही' दाबलं. या खेपेला ती नोंद खरी होती.