साडीतला फोटो

मी केसरबाई. आमच्या वाडीच्या शाळेत खिचडी शिजवते. शाळा सातवीपस्तोर. मास्तर कागदावर दोन, पण त्यातला एक कायमचा तालुक्याला ऑफिसात बसवलेला. राहिल्या एकट्या महेजबीनबाई. त्यांचंच सांगते. माझं बोलणं जरा तिखट हाय, आधीच सांगून ठेवते. कुणाला झोंबलं तर पाणी प्या.

बाई संभाजीनगरातल्या हर्सूलच्या. रोज एस्टीनं कन्नड, तिथून जीपमधी कोंबून आमच्या वाडीला. डोक्यावरची ओढणी नीट करत उतरल्या की पोरं धावत जाऊन पिशवी घेत्यात. सात वर्ग एकटीनं सांभाळायचे म्हंजी काय गंमत हाय? पहिलीला बाराखडी देऊन सातवीकडं वळावं तर वरच्या ऑफिसातून फोन वाजतो, आजच्या खिचडीचा फोटो टाका. टाकावा तर रेंज नाय, घावली तर हापशापाशीच. मंग बाई मोबाइल वर धरून हापशापाशी उभ्या, अन् इकडं वर्गात नुसता बाजार. "मावशी, मी शिकवायला आले का फोटो काढायला?" त्या मला इचारायच्या. मी म्हणायची, "बाई, आधी दोन घास खा."

पण रूपालीला शिकवाया बसल्या की बाईंचा सगळा शीण जायचा. रूपाली म्हंजी अप्पारावची थोरली, सातवीतली. लई तल्लख पोरगी. आमच्या वाडीतली एक बी पोरगी आजवर आठवीला गेली नव्हती. बाईंनी हिच्यासाठी कन्नडच्या मुलींच्या वसतिगृहात जागा बोलून ठेवली होती. "ही जाणार, मावशी. ही गेली की मागून बाकीच्या जातील." येता-जाता त्यांच्या तोंडी तेवढंच.

जानेवारीत सावित्रीमाईची जयंती आली. त्या दिवशी पोरींनी साडी नेसून, कपाळाला आडवं कुंकू लावून भाषण करायचं, हे सगळ्याच शाळांत चालतं. बाईंनी घरून आपली ठेवणीतली हिरवी साडी आणली. रूपालीला मीच नेसवली. पोरगी उभी राहिली अन् खणखणीत बोलली, "आयांनो, पोरींना चुलीपुढून उठवा, शाळेत धाडा!" बाईंचे डोळे भरून आले. माझे बी आले, खोटं कशाला बोलू.

बाईंनी हौसेनं सगळ्या आईबापांना बोलावलं होतं, घरी पाहुणे असतील तर त्यांना बी घेऊन या म्हणल्या होत्या. अप्पारावसंगं त्याचा साडू आला होता, रामकिसन, घाटाखालचा. त्यो मेला भाषण ऐकतच नव्हता. चहा पिताना म्हणला, "अप्पाराव, पोरगी साडीत मोठी दिसाया लागली की!" मला वाटलं, कौतुक करतोय.

संक्रांत झाली अन् रूपाली शाळेत यायची थांबली. रामकिसननं आपल्या पुतण्यासाठी तिला मागितली होती. बाईंनी परतीची जीप सोडून दिली अन् मला घेऊन अप्पारावच्या दारात गेल्या.

अप्पाराव काही राक्षस नाय. त्यानं खुर्ची दिली, चहा ठेवाया सांगितला, हात जोडले. "बाई, तुमी म्हणता ते सोळा आणे खरं. पण उद्या पोरगी कन्नडला ठेवली अन् काही वंगाळ झालं, तर लोक मला इचारतील. तुमाला नाय."

"मी जबाबदारी घेते, अप्पाराव. तिला माझी लेक समजा."

"तुमी घ्याल की. पण तुमची बदली झाल्यावर? तुमी आज हाय, उद्या नाय. आमाला इथंच मरायचंय."

बाई खुर्चीवरून उठल्या. बदलीच्या यादीत त्यांचं नाव होतं, अन् ते अख्ख्या गावाला ठाऊक. निघताना दाराआडून रूपाली म्हणली, "बाई, परीक्षा कधी हाय?" आईनं तिला आत वढलं.

बाईंनी लहान पोरांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन केला. मला म्हणल्या, "गाव माझ्यावर उलटलं तर उलटू दे." साहेबलोक आले, अप्पारावला कायदा सांगितला, अठरा वर्षं होईस्तोर लगीन करणार नाय असं त्याच्याकडून लिहून घेतलं, त्याच्याच घरचे पोहे खाल्ले अन् गेले. बाई त्या दिवशी कितीतरी दिवसांनी हसल्या. पर दुसऱ्या दिवसापासून जीपवाला त्यांच्यासाठी जागा धरंना, अन् हापशावरच्या बाया त्या आल्या की बोलायच्या थांबायच्या. अरे, जिनं तुमची पोरं माणसात आणली, तिच्यावर रुसता?

परीक्षेच्या आधीचा रविवार. सकाळी बघते तर अप्पारावच्या दाराला कुलूप, अंगणात अक्षदा सांडलेल्या. मी बाईंना फोन लावला. बाई तशाच निघाल्या, कन्नडच्या स्टँडवर मला भेटल्या, अन् आमी जीपनं घाट उतरून रामकिसनच्या गावाकडं निघालो. वाटंभर बाई फोनवर. इकडचं ऑफिस म्हणलं, "मॅडम, ते गाव आमच्या जिल्ह्यात येत नाही." तिकडचं म्हणलं, "साहेब सुट्टीवर आहेत, उद्या लेखी द्या." उद्या! उद्या काय पूजा घालायची त्या कागदाची?

मांडवात पोचलो तर नवरानवरी पाटावर, भटजी तयारीत. फेटा बांधलेल्या रामकिसननं आमाला बघितलं. मला वाटलं आता हाकलतोय. त्यानं त्याच्यापरास वाईट केलं. माइकवर वरडला, "आपल्या सूनबाईच्या म्याडम थेट संभाजीनगरवरनं आल्यात! टाळ्या!" बाईंना हाताला धरून वर नेलं, खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. अन् वर माइक पुढं केला, "म्याडम, दोन शब्द."

बाईंनी माइक धरला. "ही मुलगी तेरा वर्षांची आहे. सातवीत आहे. हे लग्न थांबवा. हात जोडते, हिला शिकू द्या."

मी म्हणलं, झालं, आता तरी कुणी उठंल. कुणी उठलं नाय. रामकिसननं हसत माइक आपल्याकडं घेतला. "बघितलं का मंडळी, म्याडमचा केवढा जीव हाय पोरीवर! शब्द देतो म्याडम, आमी शिकवू तिला!" टाळ्यांचा नुसता कडकडाट. तेवढ्यात भटजीनं मंगलाष्टक सुरू केलं. कुणीतरी बाईंच्या मुठीत अक्षदा कोंबल्या. एका हातात नारळ, दुसऱ्यात अक्षदा. बाईंना त्या नवरानवरीवर टाकता येईनात अन् खाली सोडता बी येईनात. रूपालीनं एकदाच मान वर केली. फळ्यावर गणित सोडवून झालं की ती "बरोबर का?" म्हणून बाईंकडं बघायची, तसंच बघितलं.

परतताना जीपमधी बाई रडल्या. "मावशी, मीच तिला साडी नेसवली."

"तुमी नाय," मी म्हणलं. "मी नेसवली." दुसरं काय बोलणार होते?

तक्रार लेखी बी दिली. चौकशी चालू हाय म्हंत्यात. अजून चालूच हाय.

औंदा परत जयंती आली. बाईंची बदली लांबली होती. अप्पारावच्या बायकोनं धुऊन परत दिलेली ती हिरवी साडी शाळेच्या कपाटात तशीच पडून. वाडीतली सुलेखा आली, तिची पोरगी सहावीत. म्हणली, "बाई, औंदा आमच्या पोरीला नेसवा की साडी. रूपालीचं लगीन कसं त्याच दिवशी जमलं!" चेष्टा नव्हती. खरंच म्हणत होती. बाईंनी कपाटाला कडी घातली. मंग म्हणल्या, "औंदा साडी नाही. सगळ्या युनिफॉर्ममध्येच भाषण करतील." तसंच झालं. फोटो बी तसाच पाठवला.

दुपारी वरून फोन. "मॅडम, फोटोत वेशभूषा दिसत नाही. केंद्रातल्या सगळ्या शाळांत तुमचीच राहिली. अर्ध्या तासात पाठवा."

"सर, माझं जरा ऐका—" बाई म्हणल्या. फोन कट.

बाईंनी सगळ्या पोरींवरून नजर फिरवली अन् पहिलीतलं सगळ्यात बारकं लेकरू उचललं. पुढचे दोन दात पडलेलं. मी टाचण्या धरल्या, बाईंनी चार घड्या घालून तिच्याभोवती साडी गुंडाळली. लेकरू तर दिसंनाच, नुसती साडी उभी. मला हसू आलं. बाई बी जराशा हसल्या.

दारात सुलेखा उभी होती. तिनं लेकराची दृष्ट काढली, कडाकडा बोटं मोडली. "अगं बया, कशी नवरीच दिसतीया!"

बाईंचा हात जागच्या जागी थांबला. तेवढ्यात फोन परत वाजाया लागला. बाईंनी पदराला टाचणी लावली, लेकराला भिंतीपाशी उभं करून फोटो काढला, अन् हापशापाशी जाऊन मोबाइल वर धरला.