तर्रीपोहे आणि लिंका

मोबाइलमध्ये सेव्ह केलेल्या लिंका आणि आमच्या चौघांचे किस्से, दोन्ही सारख्याच वेगानं साचतात. फरक एवढाच, की लिंका 'नंतर वाचू' म्हणून ठेवल्या जातात आणि तशाच राहतात. किस्से मात्र कुणी विचारो न विचारो, पुन्हा पुन्हा सांगितले जातात! तुम्ही बसलाच आहात, तर ऐका.

मी नागपुरात एका कॉलेजच्या लायब्ररीत काम करते. काही वर्षांपूर्वी रामदासपेठेतल्या एका वाचनालयात मी 'मोबाइल कसा वापरावा' असा ज्येष्ठांसाठी वर्ग घेतला होता. पहिल्या दिवशी वीस जण आले. ओटीपी शिकवून झाला, तसे बहुतेक सगळे गेले. उरले तिघं.

एक बाबाराव काका. वीज खात्यातून निवृत्त झालेले लाइनमन, राहायला नागपूरजवळच्या वाडीला. दुसऱ्या मेश्राम बाई. कन्हानच्या शाळेत आयुष्यभर मराठी शिकवलं, आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचतो. तिसरा गजू. हा ज्येष्ठ नाही, चाळिशीचा आहे. वाडीला गोदामात ट्रकांचं बुकिंग पाहतो. वडिलांना वर्गाला सोडायला आला होता. वडील दुसऱ्या दिवसापासून यायचे बंद झाले, गजू मात्र येतच राहिला!

तेव्हापासून दर रविवारी सकाळी नऊ वाजता आम्ही चौकातल्या तर्रीपोह्यांच्या ठेल्यावर भेटतो. तर्री म्हणजे पोह्यांवर ओततात तो झणझणीत रस्सा. प्रत्येकानं एक लिंक आणायची. एखादं यंत्र, एखादी कला, जगातली कुठलीही मजेची गोष्ट चालेल. पण राजकारण नाही, काढे नाहीत आणि गुड मॉर्निंग तर मुळीच नाही.

*

बाबाराव काका लिंक फॉरवर्ड करत नसत. फॉरवर्ड केल्यानं फोन खराब होतो, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. ते दोनशे पानी वहीत लिंक हातानं उतरवून आणायचे. अक्षर मोत्यासारखं. मग ते वाचणार आणि मी टाइप करणार.

"स्लॅश म्हणजे तिरपी काडी ना वं?"

"हो काका."

"मग तिरपी काडी. मंग के. कॅपिटल के. मंग शून्य."

"शून्य की ओ?"

काका चष्मा वर करून वही लांब धरायचे. "गोल आहे," एवढंच सांगायचे.

एकदा त्यांनी आणलेली लिंक अडीच पानं भरली. मी पाहिलं, तर पहिल्या ओळीतच प्रश्नचिन्ह होतं, आणि पुढं सगळा नुसता आकड्यांचा भरणा. मी म्हटलं, "काका, प्रश्नचिन्हाच्या पुढचं काही लागत नाही हो. तिथपर्यंतच उतरवायचं."

काकांनी ती अडीच पानं एकदा डोळे भरून पाहिली. दोन दुपारी गेल्या होत्या त्यात.

"मग हे प्रश्नचिन्हाच्या आधीच सांगायचं ना वं!"

*

गजूचा स्वभाव उलटा. तो वहीत काही उतरवत नाही, आणि फारसं वाचतही नाही. शीर्षक आवडलं, की लिंक पाठवली! पण एकदा खरंच वाचून आला. जुनी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका कारागिरावर लेख होता. गजू भारावला होता.

"काय लिहिलं आहे बाई! तो कारागीर घड्याळ उघडतो, आत पाहतो, आणि बस्! लेख संपला! लेखकानं शेवट आपल्यावर सोडला!"

मेश्राम बाईंनी त्याचा फोन घेतला. लेख तिथं संपला नव्हता. पुढचं फक्त सभासदांनाच वाचायला मिळेल, असं खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं. बाई त्या संकेतस्थळाच्या सभासद निघाल्या. त्यांनी उरलेला अर्धा लेख सगळ्यांना वाचून दाखवला. त्यात तो कारागीर घड्याळ बंद करतो, 'जमणार नाही' म्हणतो आणि जेवायला जातो.

गजूनं फोन परत घेतला. मग म्हणाला, "अर्धाच चांगला होता."

*

बाईंची लिंक वाचायची पद्धत म्हणजे पेपर तपासणं. एका मराठी संकेतस्थळावर मातीच्या भांड्यांवर छान लेख आला होता. बाईंनी प्रिंट काढली, लाल पेनानं शुद्धलेखन दुरुस्त केलं, फोटो काढले आणि संपादकांना मेल केले.

आम्हाला वाटलं, ते लोक चिडतील. दोन दिवसांत उत्तर आलं. 'आपण दाखवलेल्या सर्व चुका दूरुस्त केल्या आहेत, आपले मनपूर्वक आभार.' आम्ही टाळ्या वाजवल्या. गजूनं बाईंसाठी पोह्यांवर जास्तीची तर्री घालून घेतली.

बाई मात्र अजून फोनकडेच पाहत होत्या.

"आभारात दोन चुका आहेत," त्या म्हणाल्या आणि पर्समधून लाल पेन काढलं!

*

काकांना एकदा एक साइट आत घेईना. 'मी यंत्रमानव नाही' हे सिद्ध करा, म्हणे. पुढं रस्त्याचा फोटो, त्याचे चौकोन पाडलेले. ज्यात ट्रॅफिक सिग्नल दिसतो, ते चौकोन दाबायचे.

काकांनी फक्त वरचे दोन दाबले. चूक! पुन्हा नवा फोटो. पुन्हा वरचे दोनच. पुन्हा चूक.

"काका, खालचा खांबही दाबा," गजू म्हणाला. "खांब सिग्नलचाच आहे ना."

"खांब सिग्नलचा नाही गा. खांब खात्याचा असते. सिग्नल त्याच्यावर टांगला आहे फक्त."

"पण त्या साइटले काय माहीत?"

"मग त्याले माहीत करून घेऊ दे!" काकांनी फोन टेबलावर ठेवून दिला. "चौतीस वर्षं खांबावर चढलो मी. आधी याले म्हणा फील्डवर ये, मग मले शिकव!"

ती साइट काकांनी अजून पाहिलेली नाही.

*

एका रविवारी मात्र कुणी हसलं नाही. मी नागपूरच्या जुन्या फोटोंच्या एका संग्रहाची लिंक आणली होती. त्यात छप्पन्न सालच्या धम्मदीक्षेच्या वेळचा एक फोटो होता. माणसंच माणसं, पांढऱ्या कपड्यांतली.

बाई फोटो मोठा करत गेल्या. आणखी मोठा. शेवटी स्क्रीनवर नुसते करडे ठिपके उरले. त्यातल्या एका ठिपक्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"ही आई."

गजू वाकला. "बाई, चेहरा तर दिसूनच नाही राहिला."

"चेहरा कशाले पाहिजे रे?" बाई एरवी आमच्याशी पुस्तकातलं मराठी बोलतात. त्या दिवशी तसं बोलल्या नाहीत. "असा पदर आमच्या मोहल्ल्यात फक्त तीच घे."

काका उठले, न सांगता चार चहा घेऊन आले. बाईंनी त्यांचा चहा गार होऊ दिला.

*

आता शेवटचा.

गजूनं एकदा सवयीप्रमाणे न वाचताच एक लिंक पाठवली. दूरवरच्या कुठल्या तरी थंड बेटावर एक म्हातारा होता. दीपगृहाचा निवृत्त रखवालदार. तो दर आठवड्याला त्याच्या साध्याशा साइटवर एक पान लिहायचा. दिव्याची काच कशानं पुसायची, वादळात जिन्याचा कठडा कसा धरायचा, दिवा फिरवणाऱ्या चाकाला तेल कधी घालायचं. बस, एवढंच.

बाबाराव काका त्या माणसावर फिदा झाले! ते दीपगृहाला 'समुद्राचा खांब' म्हणायचे. दर रविवारी पहिली लिंक तीच. इंग्रजी पान बाई मराठीत वाचून दाखवायच्या आणि काका मान डोलवायचे. "बरोबर. ओल्या हातानं नाही पुसायचं. हुशार आहे माणूस." वर्षभर हे चाललं.

मग पान बदलणं थांबलं. एक रविवार गेला, दोन, तीन. काका पोहे अर्धे टाकू लागले. चौथ्या रविवारी तिथं चार ओळी होत्या. बाई वाचू लागल्या आणि त्यांचा आवाज हळूहळू खाली गेला.

'ही पानं माझी बायको टाइप करून द्यायची. ती गेल्या महिन्यात गेली. आता ही जागा बंद करतो आहे. फक्त एक गोष्ट कळत नाही. दर रविवारी, ठरलेल्या वेळी, नागपूर नावाच्या गावातून इथं कुणीतरी आल्याची नोंद मला दिसते. मी नकाशात पाहिलं. त्या गावाच्या कुठल्याच बाजूला समुद्र नाही. तुम्ही कोण आहात? आणि कशासाठी येता?'

ठेलेवाल्यानं विचारलं, तर्री देऊ का. काकांनी प्लेट बाजूला सारली.

"बाई, लिहा," काका म्हणाले. "मी सांगतो, तुम्ही इंग्रजी करा."

बाईंनी पेन काढलं.

"लिहा, आमच्या गावाले समुद्र नाही, हे खरं आहे. एक नदी आहे. तिच्याबद्दल नंतर कधी लिहीन." काका थांबले. "लिहा, मीही खांबावरच काम केलं. तुमचा खांब जरा उंच, एवढाच फरक. आंधी आली का सगळे घरात जात आणि आपण बाहेर निघत होतो. हे दुसऱ्या कोणाले सांगून समजत नाही. म्हणून येतो."

बाईंचं पेन थांबलं होतं. "आणखी?"

"बंद नका करू म्हणा."

मग जरा वेळानं, "वहिनींबद्दल वाईट वाटलं, हे आधी लिहा. सगळ्यात वर."

ते आम्ही पाठवलं. पुढच्या रविवारी काहीच नाही. काका म्हणाले, "माणूस दुःखात आहे, घाई नका करू," पण स्वतःच दर पाच मिनिटांनी पान उघडून पाहत होते. त्याच्या पुढच्या रविवारी एकच ओळ आली. 'जुन्या मनोऱ्याची किल्ली अजून माझ्याकडे आहे. येत्या रविवारी, तुमच्या नऊ वाजता, इथं पाहा.'

मे महिना होता. सकाळी नऊलाच ऊन असं पेटलेलं, की फोनच्या स्क्रीनवर स्वतःच्या तोंडाशिवाय काही दिसेना. काकांनी डोक्याचा पांढरा दुपट्टा सोडला आणि आम्हा चौघांवर पांघरला. आत घामाचा आणि तर्रीचा वास, मधोमध गजूच्या हातात फोन.

तिकडे उजाडलं नव्हतं. पानावर थेट व्हिडिओ सुरू झाला होता, पण स्क्रीन काळी होती. वाऱ्याचा आवाज. कुणीतरी धापा टाकत जिना चढत होतं. मग लोखंडी दार. मग एक खटका.

काही झालं नाही.

"पुन्हा दाब गा," काका पुटपुटले. "गंजला असन. जोरानं दाब."

पुन्हा खटका. आधी एक लालसर ठिपका, मग पिवळा, मग पांढरा. त्याचा झोत हळूच हलला, काळ्या पाण्यावरून लांबवर गेला, दिसेनासा झाला, आणि फिरून पुन्हा आला. बाईंनी माझा हात घट्ट धरला.

बाहेरून ठेलेवाल्यानं दुपट्ट्यावर टकटक केलं. "काय पाहून राहिले जी तुम्ही लोक?"

आणि बाबाराव काका दुपट्ट्याच्या आतून, अख्ख्या चौकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडले,

"लाइट आली!"