आमचा पंधराशे

पंधराशे गावात कधी धावला नाही. पंधराशे मीटरच्या शर्यतीत देशासाठी धावलेला हा फौजी सुट्टीवर आला की इतका रमतगमत चाले, की डोक्यावर हंडा घेतलेल्या बायासुद्धा त्याला मागे टाकून जात. मी तेव्हा त्याच्या गावात नवा मास्तर होतो आणि मला नको त्या चौकशा करायची खोड. विचारलं, तर म्हणाला, "गुरुजी, गावात मानूस पळताना दिसला का बाया दारात येत्यात. कोन गेलं, म्हनून. उगं कशाला कुनाच्या जिवाला घोर?" सरावाला तो पहाटे ओढ्यापलीकडे जाई.

नाव त्याचं वेगळंच होतं, पण ते कागदोपत्री. गावाला 'मीटर' काही पचेना, म्हणून ते गळालं आणि नुसतं पंधराशे उरलं. नवख्या पाहुण्याला तो जमिनीचा गट नंबर वाटे. तो स्वतः मात्र या नावाला अशा ऐटीत ओ देई, जशी काही सरकारने पदवीच दिली आहे.

दुष्काळ नुकताच सरला होता, तेव्हा आशियातल्या देशांच्या स्पर्धेत तो परदेशी धावून आला. चौथा आला. पदकं तिघांनाच. गावाने तरी हलगी लावून त्याला वेशीतून आणलं, आणि मग ओसरीवर त्याची जी उलटतपासणी झाली तशी कोर्टातही होत नसेल. शेवटच्या फेरीला घंटा देतात, याचं सगळ्यांना मोठं नवल वाटलं. पण घंटा झाली तेव्हा आमचा गडी कोंडला गेला होता. पुढे एक, शेजारी एक आणि डावीकडे मैदानाची कड. अंगात दम होता, पण वाट नव्हती.

"मंग हाक न्हाई दिली व्हय?" त्याच्या वडिलांनी, आबांनी, विचारलं.

"दिली की. बाजू, बाजू, म्हनून वरडलो."

मला हसू फुटलं. बाकी कोणी हसलं नाही. घोडेगावच्या बाजाराची वाट तेव्हा एका गाडीपुरती होती. मागच्याने 'बाजू' म्हटलं, की पुढच्याने बैलगाडी कडेला घ्यायची. कोण आहे, कसली घाई आहे, विचारायचं नाही. पंधराशे मिसरूड फुटायच्या आधीपासून त्याच वाटेने गाडी हाकत आलेला.

"आन् तरी बाजू दिली न्हाई?" आबा खरोखरच चिडले. "आरं, बैलालाबी कळतं ते!"

पंधराशेला मात्र एकच प्रश्न कुरतडत राहिला. वाट मिळाली असती, तर पहिला आलो असतो का? "हारलो असतो तरी चाललं असतं," तो मला म्हणे, "पन कळलं तर असतं." ते कळायला पुन्हा तिथे धावायला हवं होतं, आणि वय पाहता एकच संधी उरली होती.

निवडीची शर्यत पुण्यात होती. मी रजा टाकून गेलो. एकालाच पाठवणार होते. घंटा झाली तेव्हा पंधराशे आतल्या कडेने सगळ्यांच्या पुढे होता. त्याच्या मागोमाग त्याच्याच छावणीतला एक तरणा गडी, तो या वेळी कोंडलेला. पंधराशेचा तो किस्सा छावणीत सगळ्यांना पाठ होता, त्यावरून थट्टाही चाले. त्या गड्याने मागून आरोळी ठोकली, "बाजू!"

आणि आमचा हा शहाणा बाजूला झाला. अर्धं पाऊलच, पण तेवढ्यात तो तरणा गडी आतून निसटला आणि जिंकलासुद्धा.

पंधराशे पुन्हा कधी परदेशी गेला नाही; त्याचा प्रश्न जन्मभर तसाच राहिला. त्या दिवशी मी भयंकर संतापलो होतो. त्याच्यावर, त्या तरण्या गड्यावर, घोडेगावच्या बाजारावरसुद्धा. माझा जीव तुटत होता आणि हा गवतावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होता. "अरे, सरकलास कशाला?" मी ओरडलोच.

त्याने मान वर केली. मी काय विचारतोय, तेच त्याला कळेना.

"मागनं हाक आली, गुरुजी," तो म्हणाला. "मंग काय करायचं?"