लोरीनबाईंचं दार

शाळेच्या स्वयंपाकघरात वाढायची खिडकी होती. तिची फळी खाली ओढली तरी पलीकडचं सगळं ऐकू यायचं, आणि स्वयंपाकीण ओलीटाचे कान म्हातारपणीही मांजराचे. त्या दिवशी पोरांच्या गोड रोलांवर दालचिनी भुरभुरताना तिनं लोरीनबाई आणि मुख्याध्यापक टिडवेल यांचं भांडण अख्खं ऐकलं.

नुकतीच लपायची कवायत झाली होती. बंदूकवाला शिरला तर काय करायचं, त्याची. ओक्लाहोमातल्या त्या गावात पोरं वादळाची कवायत करायची, तशीच हीसुद्धा.

"बाई, दार एकदा लागलं की लागलं. बाहेरून कुणीही हाका मारल्या तरी उघडायचं नाही."

"आणि माझं पोर संडासला गेलेलं असलं तर?"

"तरीसुद्धा. त्याच्या मागं कोण उभंय, तुम्हाला आतून कसं कळणार? एकापायी सगळा वर्ग जाईल."

"त्या एकाला नाव असतं, टिडवेल. माझ्या वर्गात पहिलीत असताना तू स्वतः किती वेळा संडासात अडकून रडलायस, सांगू का सगळ्यांना?"

टिडवेलांचे कान लाल झाले असणार. "नियम मी नाही केला, बाई."

"माहीत आहे रे. आणि तुझं खरं आहे, हेच तर वाईट आहे."

लोरीनबाई विधवा होत्या, मूलबाळ नव्हतं. स्वतःचे केस स्वतःच कापायच्या, आणि ते दिसायचंही. जन्मभर पहिलीचा वर्ग घेतला. त्या भांडणानंतर मात्र एकट्या पोराला संडासला पाठवणं त्यांनी बंद केलं. एकाला लागली की सगळा वर्ग रांगेत, बोटं ओठांवर. बाई दाराशी उभ्या. बाहेर येणाऱ्या प्रत्येकाला, "हात धुतलेस? दाखव." नुसते बघायच्या नाहीत, वास घ्यायच्या. साबणाचा वास नसला तर पोर परत आत.

"निघाली का बदकं तळ्यावर?" ओलीटा खिडकीतून चिडवायची.

"तुझी ती झणझणीत राजम्याची चिली खाऊन आणखी दोनदा निघतील!"

वर्गांच्या दारांना कायम कुलूप लावलेलं असे, पण चौकटीतल्या खाचेवर चुंबकाची पट्टी चिकटवलेली, म्हणून ते बसत नसे. पट्टी ओढली की दार खटकन बंद, मग बाहेरून किल्लीशिवाय उघडायचं नाही. कपाटात लॉलीपॉपची बरणी. तोंडात काही असलं की पोरं गप्प राहतात.

फेब्रुवारीत एके दिवशी जेवणानंतर बदकं तळ्यावरून परतली आणि लगेच डेल्फियाच्या पोटात पुन्हा कळ आली. बाई एका पोराचं वाचन ऐकत होत्या. मोठ्या मुश्किलीनं त्याला एक ओळ जमत होती. "जा, पळत ये," डेल्फियाला म्हणाल्या. तेवढं एकदाच.

मग बार ऐकू आले.

वर्गातली मदतनीस केलीन पुढं कितीतरी दिवस तेच सांगत राहिली. "बाईंनी पट्टी ओढली. मला वाटलं, आता आत येतील. तर म्हणाल्या, लॉलीपॉप वाट, आणि मी हाक मारली तरी उघडू नकोस. आणि बाहेर उभं राहून दार ओढून घेतलं."

किल्ली बाईंच्या गळ्यातच होती. पण परत यायच्या वाटेवर तो बंदूकवाला होता. पोलिसांना बाई सापडल्या त्या संडासाबाहेर, झाडू-पोछ्याच्या कपाटाला पाठ लावून. आत डेल्फिया होती. तिला ओरखडासुद्धा नव्हता.

दफनानंतर शाळेतच झालेल्या जेवणात टिडवेल खिडकीपाशी आले. "बाईंनी नियम मोडला नाही, ओलीटा. दार उघडलंच नाही त्यांनी."

ओलीटानं त्यांच्या ताटलीत एक रोल ठेवला. तो तसाच राहिला.

वसंतात शाळा पुन्हा भरली. रोल घ्यायला आलेली डेल्फिया खिडकीपाशी घुटमळली. ओलीटानं विचारलं नव्हतं, पोरगी आपणहूनच बोलली.

"मी म्हटलं, बाई, कोण फटाके वाजवतंय? त्या म्हणाल्या, हात धुतलेस?"

"मग गं?"

"मी म्हटलं, धुतले. तर म्हणाल्या, दाखव."

ओलीटानं तिच्या ट्रेवर रोल ठेवला.

"वास घेतला. ओले होते, ते बाईंनी स्वतःच्या स्वेटरला पुसले. म्हणाल्या, शहाणी माझी. मग मला पोछ्यांच्या मागं बसवलं, ओठांवर बोट ठेवलं आणि दार हळूच लावून घेतलं."