बदली गायक

टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळा बाजार ठणठण्या म्हणायचा, कारण त्याच्या दुकानात दिवसभर हेवी मेटल गाण्यांचा ठणठणाट चाले. ‘‘मशीन फार खरखरतंय हो,’’ असं गिऱ्हाईक सांगू लागलं, की ‘‘कुठलं? तुमचं का माझं?’’ असं त्याला ओरडून विचारावं लागायचं.

एका बँडवर त्याचा भारी जीव. त्या बँडचा गायक सोडून गेला, त्याच्या जागी दुसरा आला आणि नवा अल्बम निघाला. चाहत्यांत उभी फूट पडली. ठणठण्याने तो दुकानात, गिऱ्हाइकाच्या नुकत्याच दुरुस्त केलेल्या मशीनवर एकदाच ऐकला आणि निकाल देऊन टाकला, ‘‘घसा आहे का बिजागरी? बदली तो बदलीच!’’ तेव्हापासून बदली ही त्याची ठेवणीतली शिवी झाली. चहा पांचट लागला तरी ‘‘पत्ती बदली टाकली काय?’’ म्हणायचा.

लग्न त्याने उशिरा केलं. बायकोचा पहिला नवरा वारलेला, पदरी एक लहान मुलगी. संसार छान जमला, पण पोरगी त्याला हाकच मारत नसे. बाबा नाही, काका नाही, नुसतं ‘‘ऐका ना.’’ कोणी ऐकायचं, ते तिची मान कुठे वळली त्यावरून ओळखायचं. ती कॉलेजात गेली तरी त्याला काही नाव मिळालं नाही. एका हाकेसाठी बिचाऱ्याचा जीव तुटायचा.

आणि त्या पोरीला हेवी मेटल आवडू लागलं. ठणठण्या हरखून गेला. पण तिला सगळ्यात जास्त आवडला तो नेमका तोच अल्बम! जेवताना त्याला राहवलं नाही.

‘‘काय ऐकतेस त्यात? दुसऱ्याच्या जागी येऊन बसलेला माणूस तो. बदली!’’

पोरगी ताटावरून उठून गेली. बायको शांतपणे म्हणाली, ‘‘झालं बोलून? मग या घरात तुम्ही कोण, तेही सांगा.’’

ठणठण्याला ठसकाच लागला.

दुसऱ्या दिवशी तो शेपूट घालून पोरीकडे गेला. ‘‘लाव बघू तुझ्या फोनवर त्याचं एखादं. नीट ऐकतो.’’ तिने गाणं लावलं. कौतुकाचा शब्द काढायला त्याने जिवाचा आटापिटा केला, पण जमेना.

‘‘खोटं कशाला बोलू? रेकतोय गं!’’

पोरगी गालातल्या गालात हसली. ‘‘हा तुमचा पहिला गायक आहे. कॅसेटमध्ये न घेतलेलं जुनं गाणं, आत्ता बाहेर आलंय.’’

ठणठण्याने आ वासला. मग त्याच्यातला कारागीर जागा झाला. त्याने दुकानात दिवसभर वाजणारा आपला टेपरेकॉर्डर घरी आणून उघडला. आतला फीत फिरवणारा रबरी बेल्ट जुन्या पायजम्याच्या इलॅस्टिकसारखा लोंबत होता. गावभरची मशीनं नीट करणाऱ्याने आपल्या मशीनचं झाकण कधी उघडलंच नव्हतं! ते वर्षानुवर्षं हळू फिरत होतं, म्हणून पहिल्याचा आवाज जाड होऊन एवढा भारदस्त वाटायचा. एका बेल्टच्या भरवशावर त्याने बाजारभर भांडणं केली होती.

नवा बेल्ट चढवून त्याने दोघांनाही ऐकलं. पहिला चांगलाच होता. पण दुसरा पहिल्याची नक्कल करत नव्हता. लोक तोंड फिरवून बसणार हे ठाऊक असूनही तो आपल्या आवाजात, जीव ओतून गात होता. ऐकता ऐकता ठणठण्याला रडू फुटलं.

‘‘चुकलो मी,’’ तो डोळे पुसत म्हणाला. ‘‘चांगला गातो गं तुझा बदली.’’

पोरगी चहा टाकायला गेली. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून आवाज आला, ‘‘बदली, चहा गार होतोय!’’

हाक मारून घ्यायची त्याला सवयच नव्हती. तो तसाच बसून राहिला.

‘‘अहो बदली, तुम्हालाच!’’

‘‘आलो, आलो!’’ म्हणत तो एवढ्या घाईने उठला, की कोपर लागून टेपरेकॉर्डर धाडकन खाली पडला. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही.