तेविसाव्या ओळीपुढची जाळी

कॉम्प्युटरच्या पडद्यावर लाल अक्षरं आली. सगळं बंद. मांडीवर दोन महिन्यांची पोर रडतीय, फोन कानाला, बाहेर आभाळ भरलेलं... चारचा मेसेज नाय गेला तर दिंडोरीकडच्या बागायतदारांना कळणार नाय, द्राक्षावर आज डावणीचं औषध मारायचं का नाय. डावणी म्हणजे बुरशी, ती घडात शिरली की बाग हातची गेली. बागेतल्या पानांची ओल बघून मेसेज पाठवणारं हे मशीन माझ्या मालकांनी बसवलं. सात आठवड्यांपूर्वी ते गेले. मशीनपुढं, खुर्चीतच. आता त्या खुर्चीत मी, सातवी शिकलेली.

लग्न झालं तेव्हा हे माऊसला हात लावायचे नाय, काळ्या पडद्यावर नुसतं टाईप करायचे. मी विचारलं तर म्हणले, "अगं, तुझ्या मसाल्यासारखं हाय. एकेका डब्यात एकेक प्रोग्राम. याचं सांडलं तरी त्याला लागत नाय." मी म्हणलं, "मग झाकण कुठंय?" लय हसले. डब्यांनी कसं वागायचं ते एका फाईलीत लिहिलेलं असतं, ती उघडून दाखवली. आधी डबे विलायतेच्या घड्याळावर चालायचे. सकाळी सहाचा मेसेज साडेअकराला पडायचा आणि शेतकरी म्हणायचे, "भाऊ, तुमचं मशीन उशिरा उठतं का?" मग यांनी फाईलीत एकच ओळ टाकली, घड्याळ इथलं धरा म्हणून. मिटलं. काही ओळींच्या पुढं आडव्या-उभ्या रेघांची खूण असते, तिला हे जाळी म्हणायचे. जाळी लावलेली ओळ मशीन वाचत नाय. चालू करायची तर जाळी काढायची. "जाळीमागं मी माझं लिहून ठेवतो," म्हणायचे. "काय लिहिता?" "तुझ्या तक्रारी."

लाल अक्षरं आली त्या दिवशी पहाटे पावसात लाईट गेली, मशीन परत चालू झालं, आणि सकाळचा मेसेज साडेअकराला पडला. यांचे कामातले जोडीदार इरफानभाई नाशिक रोडला राहतात, त्यांना फोन लावला. "वहिनी, जाण्याआधी काही तपासताना त्यानं घड्याळाच्या ओळीला जाळी लावली असंल. मशीन बंद पडून चालू झालं की फाईल नव्यानं वाचतं, म्हणून आज कळलं. बाविसावी ओळ. जाळी काढा." तेवढ्यात पोरीनं पाय झाडला. मी काढली, आणि लाल अक्षरं.

"रडू नका वहिनी. कितवी ओळ म्हणतंय?"

"तेवीस."

"अहो, मी बावीस म्हणलो! तेवीसला त्याचं काहीतरी रफ असंल. टाका उडवून ती ओळ."

मी फाईल बघितली. इंग्रजी अक्षरं, पण मराठीच. एकेक अक्षर लावत वाचलं... "छातीत परत दुखतंय. बारसं झालं की डॉक्टर. सीमाला आत्ता सांगायला नको."

सीमा मी. बारशाला दोन दिवस राहिले होते तेव्हा हे गेले. बारसं झालंच नाय. मी पलीकडं पोरीला पाजत होते, आणि यांनी त्यांचं दुखणं मशीनला सांगितलं. तेपण जाळी लावून, म्हणजे मशीननंपण ऐकू नये...

"वहिनी? उडवली का?"

मी उडवली नाय. जाळी परत लावली, बावीसची काढली, डबे सुरू केले. चारचा मेसेज चारलाच गेला. इरफानभाई म्हणले, "शाब्बास." मी फोन ठेवला आणि पोरीचं तोंड पदरात घेतलं.

सासूबाई दारात आल्या. "झालं का गं चालू? काय बिघडलं होतं?" त्या रोज दिवा लावताना म्हणतात, माझं लेकरू बिनदुखण्याचं गेलं, तेवढं तरी देवानं केलं. त्याच्यावरच त्यांचा दिवस निघतो. मी म्हणलं, "काय नाय आई, एक ओळ चुकली होती."

त्या आत गेल्या. तेव्हापासून त्या ओळीतलं मला एकटीलाच माहीत हाय. आता ते तुम्हाला लिहून सांगतीय, कारण आईंना वाचता येत नाय... मी त्यांना सांगायला पाहिजे होतं का? तुम्ही माझ्या जागी असता, तर काय केलं असतं?